काचळीवरच्या पावल्या

माह्या वयनीची, सुखीबाईची गोष्ट सांगतो. वाघाले भेत नोहती, पण अपशकुनाले लय भे. आमच्या तांड्यातल्या बायाइच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, जुन्या पावल्या, म्हणजे चार आण्याची नाणी, शिवलेल्या रायत. त्या नवरा मेल्यावरच काढाच्या; जिता असतांना तोडाच्या नाही, तोडल्या का कुंकवावर घाला, हे वयनीले लहानपणापासून पाठ.

नवे पैसे निघाले अन् नेरच्या बजारातून चिल्लरच गायब झाली बाप्पा! वाणी सुट्ट्याच्या जागी काडीपेटी हातात देऊन मोकळा. ज्याच्या त्याच्या कमरेले सुट्टे, पण गाठ कोणी सोडे नाही. एकडाव पैसा गेला तर परत येईन कोठून, हेच भेव.

अशात माह्या दादाचं, देवसिंगचं, पोट फुगून दगड झालं. वयनीनं अन् म्या त्याले घेऊन यवतमाळची मोटर धरली. माह्या हातात दहाची नोट. कंडक्टर म्हणे, "सुट्टे असन तर बसा, नाहीतर उतरा." मी साऱ्या मोटरीपुढं हात जोडले. जो तो म्हणे, "नाही जी, नाही जी." आग लागो त्याइच्या गाठीले! दादा कण्हून राह्यला होता. मले वाटे, हा इथंच जाते.

वयनीनं दादाकडं पाह्यलं अन् दातानं टाका तोडला. एक पावली, मंग दुसरी. दर टाक्याले ती दादाच्या छातीवर हात ठेवून पाहे, श्वास चालू हाय का नाही. कंडक्टरनं भोकाच्या पावल्या उलट्यापालट्या केल्या अन् घेतल्या. त्याले बी चिल्लरीचीच मारामार. तिकिटं होईस्तोवर काचळी रिकामी झाली.

दवाखान्यात त्याच दिवशी पोट चिरलं. डॉक्टर म्हणे, आत्ताच काही सांगता येत नाही, घरून कपडे-भांडे घेऊन या. दादाले तिथंच ठेवून, कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या ट्रकवर बसून वयनी अन् मी परतलो.

तांड्याच्या तोंडाशी मानीबाई गोवऱ्या थापून राह्यली होती. तिनं वयनीची काचळी पाह्यली अन् किंकाळीच फोडली. घरोघरच्या बाया रडत निघाल्या. ते ऐकून वयनी जागीच बसली अन् मले म्हणे,

"भावसिंग, गेले रे! निरोप आपल्या आधी आला!"

मले बी ते खरंच वाटलं. कोणी मेल्याशिवाय तांडा असा रडत नाही. माही माय तानाबाई धावत आली अन् वयनीच्या बांगड्या फोडाले दगड उचलला.

"माय, कोणी सांगतलं तुले?" मी ओरडलो.

"सांगाचं काय? काचळी पाह्य तिची!"

म्हणजे कोणीच सांगतलं नोहतं! वयनीले पाहून त्या रडत होत्या अन् त्याइले पाहून आम्ही. मी कपाळावर हात मारला. पण वयनीच्या मनातून भेव निघेच ना. घरात पाय बी न टाकता ती मोटरीच्या रस्त्याले लागली.

"वयनी, तिकिटाले सुट्टे कोठी हायेत आता?"

तवा मानीबाई पुढं आली. तिनं विहिरीवरल्या आपल्या नवऱ्याकडं एकडाव पाह्यलं अन् आपल्या काचळीची पावली तोडली. मंग दुसरीनं तोडली, मंग तिसरीनं. साऱ्याइच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

यवतमाळले पोचलो तर दादा डोळे उघडून पडला होता. वयनीकडं पाहून हळूच म्हणे, "पावल्या कोठी गेल्या वं? मेलो म्हणून काढल्या का?"

तवापर्यंत वयनी रडली नोहती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातानं झाकलं अन् हमसून हमसून रडली.

"तेवढं बोलू नका जी," म्हणे, "तेवढं एक बोलू नका."