न उगवलेल्या घटाला पाणी

देवीपुढे हात जोडले की पूर्वी मला बोलायला वेळ पुरायचा नाही. वांग्यावर पडलेल्या किडीपासून जावेच्या कुरबुरीपर्यंत सगळं मी तिला सांगायची. आमचे हे चिडवायचे, ‘जरा तिलेही बोलू दे.’ मग एक काळ असा आला की हात जोडले जायचे आणि मनात काहीच उमटायचं नाही. फोन वाजतोय आणि पलीकडे उचलणारं कोणी नाही, तसं वाटायचं. आरती चालू होती, उपास चालू होते. आतून मात्र मी कोरडी झाले होते आणि हे कोणाला सांगायची चोरी होती.

निमित्त झालं माझ्याच लेकीचं. कारंज्याजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि मंजू आमची एकुलती एक. ती पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करते. विश्व कसं सुरू झालं, हा तिचा विषय. उन्हाळ्यात ती घरी आली होती, तेव्हा दुपारी आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. मी सहज म्हटलं, तू तिकडं काय शिकतेस ते मला कळेल असं सांग. तिने हौसेने सांगितलं.

“सुरुवातीले समदं ठिपक्याहूनही लहान जागेत होतं, आई. लय तापलेलं. मंग ते पसरत गेलं, थंड होत गेलं. त्याच्यातूनच पुढं तारे झाले, माती झाली, ही मेथी झाली.”

“मंग ते पसरवलं कोनं?”

“मले माहीत नाही, आई.”

“म्हंजे देवीनं नाही?”

“मी तसं कुठं म्हणलं? माहीत नाही म्हणलं. त्याच्या आधी ‘आधी’ असं काही होतं का, तेच अजून कोनाले सांगता येत नाही.”

ती पुढची जुडी बांधू लागली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण आदिमायेच्या मनात आलं आणि ब्रह्मांड झालं, हे मी माझ्या आईच्या मांडीवर ऐकलेलं. इतकी शिकलेली, कधी खोटं न बोलणारी माझी पोर ‘माहीत नाही’ म्हणते, म्हणजे तिथे कोणी नाहीच की काय, अशी शंकेची पाल मनात चुकचुकली ती चुकचुकलीच. मी तिच्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. मी गप्प बसले आणि देवघर रिकामं होत गेलं.

पावसाळ्यात ह्यांना धाप लागायला लागली. चार वाफे चालले की खाली बसायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणून सांगितलं आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती नेमकी नवरात्रातली. मला रडूच फुटलं. एकीकडे धनी, दुसरीकडे घट. एकदा बसवलेला घट सोडून जाता येत नाही. रोज पाणी, रोज माळ, दिव्यात तेल, हे घरातल्या माणसानेच करायचं. मंजू सुट्टी काढून आली होती. ती म्हणाली, “तू बाबांसोबत जाय. काकाही येतीनच संगं. घटाकडं मी पाहीन.”

देवाला हात न जोडणाऱ्या पोरीच्या हाती घट सोपवायचा, हे माझ्या जिवावर आलं होतं. पण घरात दुसरं होतं कोण? जायच्या गडबडीत मी विहिरीजवळची टोपलीभर माती आणली, घरचेच गहू पेरले, मधोमध कलश ठेवला, पहिली माळ बांधली आणि तिला दहा वेळा बजावलं. मग धाकट्या दिरासोबत आम्ही नागपूरला निघालो.

रोज सकाळी मी फोन करून विचारायची, उगवलं का? आमच्याकडे घट कसा उगवतो त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते पाहतात. एरवी दोन-तीन दिवसांत पांढरे मोड वर येतात. यंदा मंजूचं उत्तर एकच, “नाही, आई.” शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही तेच ऐकलं. उगवलंय म्हणून खोटं सांगितलं असतं तर मी सुखाने घास तरी गिळला असता! मी चिडून विचारलं, “एकही मोड नाही, मंग पानी तरी कायले टाकून राह्यली?”

ती म्हणाली, “तू सांगितलं म्हणून. आनं आई, मातीच्या आत काय चालू आहे ते मले वरून दिसत नाही ना.”

मी फोन ठेवला. ह्यांच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा कुठे ऐकतो! कॉटवरून ह्यांनी विचारलं, “काय झालं?” मी सांगून टाकलं. हे कोपरावर टेकून अर्धवट उठले.

“माती कुठली घेतली तू?”

“विहिरीजवळची.”

“अवो, तिथंच तर मी तणनाशकाचा पंप धुतला होता! गवत नाही उगवत तिथं, तुहा गहू कसा उगवन?” आणि ते हसायला लागले. हसता हसता धाप लागली, तरी थांबेनात. मग मलाही हसू आलं. तीन रात्री मी कुठला नवस फेडायचा राहिला, कोणाला उणं बोलले, हे आठवत काढल्या होत्या आणि कारण आमच्याच फवारणीच्या पंपात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी ह्यांना आत नेलं. दार बंद झालं. बाकावर माझ्या शेजारी आमच्याच भागातल्या मानोऱ्याकडची एक म्हातारी होती, तिचा मुलगा कुठल्याशा वॉर्डात होता. तिने कमरेच्या पिशवीतून पोहरादेवीचा प्रसाद काढला, गुळाचा एवढासा खडा, आणि न विचारता माझ्या तळहातावर ठेवला. “खाय माय,” एवढंच म्हणाली. तो खडा तोंडात विरघळला आणि किती महिन्यांनी माझे हात आपोआप जोडले गेले.

मागणं मागायला गेले तर शब्द आले ते मंजूचे. मी म्हटलं, ‘आई, आत काय चालू आहे ते मला दिसत नाही. बाहेर बसून जेवढं पाणी घालता येईल तेवढं मी घालते. उगवायचं की नाही ते तू बघ.’ एवढंच. ह्यांना वाचव, असंही म्हणाले नाही. पण पलीकडे कोणीतरी ऐकत होतं. ते कसं कळलं असं विचाराल तर सांगता येणार नाही. मी बाकावर बसून ढसाढसा रडले आणि ती म्हातारी माझी पाठ चोळत राहिली.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांच्या हातांना यश आलं. त्यांचे पाय धरायला गेले तर ते संकोचून मागे सरले. दसरा दवाखान्यातच गेला. दसऱ्याला आमच्याकडे घटातले अंकुर घरधन्याच्या टोपीत खोवतात. त्या दिवशी ह्यांच्या डोक्यावर टोपीही नव्हती आणि घरी अंकुरही नव्हते. तरीही मनात किंतु आला नाही.

कोजागिरीच्या सुमारास आम्ही घरी परतलो. मंजूने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. ह्यांना खाटेवर बसवलं आणि ती आतून टोपली घेऊन आली. घट तिने दसऱ्याला रीतीप्रमाणे उठवला होता, पण मातीची टोपली फेकली नव्हती. खिडकीत ठेवून पाणी घालतच राहिली होती. टोपलीच्या एका कडेला विरळ, पिवळसर, बोटभर उंचीचे अंकुर उभे होते.

“नवे गहू टाकले काय व?” मी विचारलं.

“नाही. तेच आहेत. पान्यानं औषध धुवून गेलं असन.”

असेलही. लेक सांगते ते खरंच असतं, हे मला माहीत आहे. तिने दोन अंकुर खुडून बाबांच्या टोपीत खोवले. ह्यांनी डोळे पुसले आणि उगाच खोकल्याचं निमित्त केलं. मला मात्र राहवलं नाही.

“पन पानी टाकाले तुले कोनं सांगितलं?”

“तू.”

“मले माह्या आईनं. तिले तिच्या आईनं. मंग समद्यात पहिले कोनं सांगितलं असन?”

ती हसली. टोपलीतल्या मातीवरून हळूच बोटं फिरवत म्हणाली, “मले माहीत नाही, आई.”

तेच शब्द होते. मी तिला जवळ घेतलं, तिचे मातीचे हात धरून तिला देवघरात नेलं आणि दिव्यात तेल घातलं.