हार्लनला ऐकू न येणारं टॅपेट

हार्लन स्टूप्सला इंजिनाचं दुखणं नुसत्या कानाने कळतं, अशी मन्सी गावात त्याची ख्याती होती. गिअरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस शनिवार-रविवारी घरामागच्या गॅरेजात जुन्या व्ही-आठ इंजिनांचे व्हॉल्व्ह बसवून द्यायचा. गाडी दारात येऊन थांबली की बॉनेट उघडायच्या आधीच म्हणायचा, "डावीकडचा दुसरा बघ. टॅपेट ढिलं आहे." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दट्ट्या, ढिला झाला की टकटकतो. आणि निघायचंही तसंच. आता वय त्र्याहत्तर, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, तरी आसपासच्या गावांतून लोक त्यालाच शोधत यायचे.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला कळू दिली नव्हती. कारखान्याच्या खडखडाटाने त्याच्या कानांचा हळूहळू फडशा पाडला होता. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, पण बारीक आवाज गेले होते. किटलीची शिटी गेली, पाखरं गेली, आणि चार वर्षांपूर्वी टॅपेटही गेलं. तेव्हापासून तो हातावर निभावून नेत होता. व्हॉल्व्ह कव्हरवर तळवा टेकवायचा आणि मान अशी तिरकी करायचा, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कान लावून ऐकतोय. बायकोला, आर्डिथला, सगळं ठाऊक होतं. तिनेही ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात जिनिव्हा ऑलकॉर्न त्याच्याकडे आली. ही शाळेची बस चालवायची. तिचा भाऊ ड्वाइट कारखान्यात हार्लनच्या शेजारच्या मशीनवर होता. तो गेला आणि मागे सत्तर सालची निळी, दोन दारांची गाडी आणि अर्धवट जुळवलेलं इंजिन ठेवून गेला.

"विकायची नाही," जिनिव्हा म्हणाली. "चालवायची आहे. तुम्ही सांगा, हात मी काळे करते."

सकाळची फेरी आटोपून दुपारची सुरू होईपर्यंत ती गॅरेजात असायची. मे महिन्यात इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आर्डिथने केक केला. सगळं छान झालं असं हार्लन मनाशी म्हणतो न म्हणतो, तोच आठवड्याभरात जिनिव्हा दारात हजर.

"हार्लन, टॅपेट वाजतंय."

त्याने तळवा टेकवला, मान तिरकी केली. "मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं.

"मी वीस वर्षं साठ पोरांच्या कालव्यात मागच्या सीटवरचा च्युइंग गमचा फुगा फुटलेला ऐकते. टकटक आहे, आणि उजवीकडे आहे."

मग त्याने सोळाच्या सोळा टॅपेटं पुन्हा लावली. एका हाताच्या चिमटीत टॅपेटवरची सळई, पुशरॉड, फिरवत ठेवायचा, दुसऱ्या हाताने नट आवळत जायचा. ढिलाई संपून सळई बोटांना जड लागली, की नटाला आणखी अर्धा फेरा द्यायचा. यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरी या खेपेला त्याने प्रत्येक नटावर आणि तो ज्यावर बसतो त्या खुंट्यावर, स्टडवर, पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार.

चार दिवस गाडी गुमान चालली. पाचव्या दिवशी जिनिव्हाचा फोन आला, टकटक परत आली होती. तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर दुसऱ्या कुणाला दाखवू का, असं तिने फार अदबीने विचारलं. ती अदबच त्याला लागली. जेवताना त्याने नुसतेच वाटाणे इकडून तिकडे केले.

"सांगून टाक तिला," आर्डिथ म्हणाली. "बहिरं होणं म्हणजे काही चोरी नाही."

दुसऱ्या दिवशी जिनिव्हा आली, तेव्हा त्याने हात पुसले आणि सांगितलं. सगळं, चार वर्षांचं.

तिने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इतके दिवस मी बहिऱ्याशी वाद घालत होते?"

"तू इतक्या जोरात घालत होतीस, की मला स्पष्ट ऐकू येत होतं."

ती हसली, आणि त्याच्या खांद्यावरचं मणभर ओझं उतरलं. त्याने तिला हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर दिला. टोक कव्हरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. इंजिन सुरू ठेवून ती एकेक जागा ऐकत गेली. "इथे नाही. इथे नाही. इथे." उजवी बाजू, तिसरा सिलिंडर.

इंजिन बंद करून कव्हर काढलं. हार्लनने पुशरॉड एकेक चाचपले. त्या बाजूचे सात घट्ट, आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक सैल. पण नटावरची पांढरी रेघ जशीच्या तशी होती. नट फिरलाच नव्हता, मग ढिलाई आली कुठून? तो स्टुलावर बसला. मग उठला आणि स्टडांच्या डोक्यांवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा किंचित अडला.

"पोलादी पट्टी दे."

पट्टी ओळीने स्टडांवर ठेवली, तर ती त्या एकावर डुगडुगली.

"हे बघ. हे स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात, खालच्या टोकाला आटे नसतात. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर या स्टडवर झुलतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग फार कडक असली, की दर झटक्याला स्टड केसभर वर उपसला जातो. आपण नट आवळला की चार दिवस शांत, पुन्हा तेच."

"स्प्रिंगा ड्वाइटने आणल्या होत्या."

"शर्यतीच्या आहेत. या गाडीला त्यांची गरज नव्हती."

"त्याला सगळंच जास्त लागायचं," जिनिव्हा म्हणाली. "अंड्यावर मिरपूड अशी घालायचा, की अंडं दिसू नये." एका स्प्रिंगवर अंगठा टेकून ती थोडा वेळ दाबत राहिली, पण स्प्रिंग काही दबेना. "काढा. गाडी चालली पाहिजे. त्यालाही तेच हवं होतं."

एकच नव्हे, सगळेच स्टड बदलायचं ठरलं. जुने उपसून काढले, भोकांत आटे पाडले. आटे पाडायच्या हत्याराला, टॅपला, ग्रीस लावून लोखंडाचा कीस बाहेर आणायचं काम जिनिव्हाने इतक्या निगुतीने केलं, की हार्लनला बोट दाखवायला जागा उरली नाही. नवे आट्यांचे स्टड बसले. सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवले, आणि सिलिंडरवरचं जड हेड न उतरवता स्प्रिंगा बदलल्या. टॅपेटं लावायची वेळ आली तेव्हा हार्लन बाजूला झाला.

"तू लाव. सळई जड लागली की थांब."

"कळेल मला?"

"कान तुझे आहेतच. आता बोटंही होऊ दे."

शाळेला सुट्टी लागली तोवर गाडीने तीनशे मैल कापले होते आणि टकटक नव्हती. हार्लन गावातल्या इस्पितळात जाऊन कानाचं यंत्रही घेऊन आला, पण गॅरेजात ते खिशातच असायचं. गाडी घेऊन कुणी आलं, की तो आता सरळ सांगायचा, "मला ऐकू येत नाही. जिनिव्हाला येऊ दे, ती ऐकेल, मग मी बघतो." लोक थांबायचे.

जूनमधल्या एका रविवारी चर्चनंतर जिनिव्हा त्या दोघांना जेवायला घेऊन गेली. आर्डिथने पुढची जागा पटकावली, हार्लन मागे बसला. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा मका, आणि मधून सरळ रस्ता. हॉटेलात सँडविचमधला डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा पावाच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर आला होता. आर्डिथने आपला अर्धा हार्लनच्या ताटात टाकला, आणि तो खाऊ लागला.