अनुभवाचा रकाना

"अठरा वर्षं काय केलंत म्हणालात? संडास सांभाळलेत?"

साहेबांनी माझा फॉर्म माईकवर वाचला आणि हॉल हसला. असा हसला की घाटकोपरच्या डोंगरावरून दगड सुटतील. मागे एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली म्हणतात. मी पाहिली नाही. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

आमची चाळ पाडून दोन इमारती झाल्या. चाळवाले मागच्या ठेंगण्या इमारतीत, विकत घेणारे पुढच्या टॉवरमध्ये. सोसायटी मात्र एकच. अध्यक्षपदाला दोन उमेदवार: मोठ्या कंपनीतले हे साहेब, आणि मी. फॉर्मवर रकाना होता, 'नेतृत्वाचा पूर्वानुभव'. साहेबांनी चार पानं जोडली. मी एक ओळ लिहिली: चाळीच्या सामायिक संडासांची व्यवस्था, अठरा वर्षं.

खोटं काय त्यात? चाळीस बिऱ्हाडं, चार संडास, किल्ल्या आमच्या घरात. आमच्याच घरात का, हे कुणी विचारायचं नाही. आमची जात सगळ्यांना पाठ होती. आईने मरेपर्यंत एकटीने धुतले. ती गेली, तर बायका बादली आणि खराटा माझ्या दारात ठेवून गेल्या. वारसाहक्क! मी चारही संडासांना कुलूप ठोकलं. म्हटलं, सगळ्यांच्या पाळ्या लावा, तरच उघडते. सगळे दुपारपर्यंत टिकले. काय एकेकाची तोंडं! शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा खराटा धरला. त्यानंतर अठरा वर्षं एकाही घराची पाळी चुकली नाही.

हे सगळं हॉलमध्ये सांगायचं होतं. मी नुसतं 'हो' म्हणाले. तेही इतकं हळू की माझ्याच कानांना ती अफवा वाटली असेल.

साहेब माईक ठेवून माझ्याजवळ आले. आवाज मऊ. "ताई, तुमचे मिस्टर आपल्याच गेटवर असतात ना? चांगला माणूस आहे." आणि अर्ज मागे घ्यायचा कागद पुढे केला. पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं.

नवरा दारातच होता, वॉचमनच्या गणवेशात. कागद बघून धावत आला.

"सही कर गो. वॉचमन ठेवणारा कॉन्ट्रॅक्टर त्यांचाच माणूस."

"घाबरलास?"

"मग काय नाचू?"

घाबरले मीपण होते. पेन टेकवलं कागदावर. आणि आई डोळ्यांसमोर आली. तिलाही कुणीतरी अशाच मऊ आवाजात 'चांगली बाई' म्हटलं असणार. मरेपर्यंत ती चांगलीच राहिली.

सही केली नाही. माईक उचलला.

"साहेब, तुमच्या हाताखाली दोनशे माणसं. नोकरी जाईल म्हणून ऐकतात. मला चाळीतून कुणाला काढता येत नव्हतं. तरी ऐकलं. आता माझ्या नवऱ्याबद्दल जे कानात बोललात, ते इथे मोठ्याने बोला."

एक टाळी पडली नाही. साहेब म्हणाले, "गैरसमज होतोय तुमचा," आणि नवऱ्याच्या छातीवरचा बिल्ला नीट वाचला.

मतदान रविवारी आहे. नवऱ्याला उद्या कॉन्ट्रॅक्टरने बोलावलंय. टॉवरला चौऱ्याऐंशी दारं आहेत. आज मतं मागायला खालून सुरुवात केली. नवऱ्याची नोकरी गेलीच, तर त्याला वरच्या मजल्यापासून सुरुवात करायला सांगितलंय. अर्ज मी मागे घेणार नाही.