ग्रिलला टांगलेला तांब्या

बायको गेल्यावर अर्ध्या अस्थी कोपरीच्या खाडीत सोडल्या. उरलेल्या नाशकाला न्यायच्या होत्या. आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात. टिटवाळ्याच्या आमच्या नव्या बिल्डिंगला झाड नाही. म्हणून तांब्या बाल्कनीच्या ग्रिलला, बाहेरून टांगला.

आठ महिने झाले. मुलगा म्हणायचा, "बाबा, नाशिक जमत नसेल तर खाडीतच सोडू." मी म्हणायचो, "बघू." मला सोडायच्याच नव्हत्या. सकाळचा चहा मी तिथेच घ्यायचो.

नात कॉलेजात दगडमाती शिकते. परीक्षेआधी बाल्कनीत मोठ्याने वाचत होती. समुद्राचा तळ सरकत सरकत दुसऱ्या जमिनीखाली घुसतो. वरचा गाळ थोडा काठाला खरवडला जातो, बाकीचा आत ओढला जातो. खोल गेला की त्यातलं पाणी सुटून वरच्या तापलेल्या खडकात मुरतं, मग तो खडक लवकर वितळतो. गाळही थोडा वितळून त्यात मिसळतो. आणि ज्वालामुखीतून वर येतो.

मी चौथी शिकलेला. पण बाळकुमच्या खाडीत तीस वर्षं बुडी मारून रेती काढली.

"खाली गेलेला गाळ आपला आपण वर येत नाही," मी म्हणालो. "बादली लागते."

"आजोबा, एक पदार्थ हवेत बनतो, पावसाबरोबर समुद्रात पडतो आणि गाळात बसतो. जमिनीच्या पोटात तो बनत नाही. तरी काही ठिकाणी ताज्या लाव्ह्यात सापडतो. मग कुठून आला?"

पटलं. कोंबडीच्या पोटात भात निघाला की ती कुणाच्या अंगणात चरली ते कळतंच.

"मग आजी येईल?"

तिने पुस्तक मिटलं. "खाडीतली नाही रे. इथे आपल्यासमोर तळ खाली जात नाही. गोदावरी पलीकडच्या समुद्राला मिळते. त्याचा तळ अंदमानाकडे खाली जातो, तिथे ज्वालामुखी आहे. पण नदीचा गाळ तिथवर पोचेलच असं नाही. आणि लाखो वर्षं लागतात."

"तुझी आजी बाजारातून तरी वेळेवर कधी आली?"

रविवारी मुलाला घेऊन नाशिकला गेलो. तांब्या पाण्यात उलटा केला. अस्थी तळाला गेल्या, आणि सवयीने माझा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला. मुलाने दंड धरला.

"बाबा, सोडा."

"सोडलंय," मी म्हणालो. "तळ कसा आहे ते बघतोय."