मानेखालचा खरवडलेला नंबर

अलका भागवत यांनी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून दर मंगळवारी त्या शहरातल्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाऊ लागल्या. तिथल्या एका खोलीत जावा बेटावरच्या मजपहित राज्यातल्या, सहाशे वर्षांपूर्वीच्या भाजक्या मातीच्या वस्तू होत्या. काम साधंच होतं. वस्तू हलक्या हातानं पुसायची आणि जुन्या कार्डाशी ताडून पाहायची.

एकदा मुठीत मावेल एवढं बाईचं डोकं हातात आलं. वर अंबाडा, ओठ घट्ट मिटलेले. कार्डावर लिहिलं होतं : १९११, एका बोटीच्या कप्तानाकडून भेट. पण मानेखाली कुणीतरी खरवडलेलं दिसत होतं. अलकाताईंनी तिथे जांभळ्या उजेडाचा टॉर्च धरला, तर पुसट आकडे उमटले. त्यांनी फोनवर फोटो काढला.

वस्तूंची जबाबदारी साकेतकडे होती. पस्तिशीचा, लंडनमधल्या ईलिंगमध्येच जन्मलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा.

"साकेत, हा नंबर कसला रे?"

त्यानं डोकं जवळजवळ ओढूनच घेतलं. "लीव्ह इट, अलकाआंटी. जुनी लेबल असेल. आणि फोटो नका काढू, प्लीज."

पुढच्या मंगळवारी शेल्फवरची जागा रिकामी होती. कार्डही गायब. विकलं की काय साकेतनं? त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी तो फोटो जावामधल्या एका म्युझियमला ईमेल केला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. नंबर त्यांच्याच रजिस्टरमधला होता. ते डोकं १९७८ साली खोदकामात सापडलं होतं आणि पुढे चोरीला गेलं होतं.

१९७८ ला जमिनीतून निघालेली वस्तू १९११ ला भेट कशी येईल?

उत्तराची प्रिंट घेऊन त्या साकेतच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानं ती दोनदा वाचली. मग उठून कुलूपबंद कपाट उघडलं. डोकं आत होतं, कार्डासकट.

"मला पण कार्डचा डाउट होता. म्हणून लॉक केली. ट्रस्टीजना लिहिलंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सगळे गेले तरी तुम्ही थांबता. फोटो काढता. मला वाटला, तुम्हीच ते कुणा डीलरला पाठवता."

अलकाताईंचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी असं बोट दाखवलं नव्हतं. पण मग त्यांनीही सांगून टाकलं, "मी तर तुला दोन आठवडे चोर समजत होते."

दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

चौकशीत कळलं, जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं खोटं कार्ड बनवून डोकं म्युझियमच्या गळ्यात मारलं होतं आणि तो केव्हाच वारला होता. दहा महिन्यांनी डोकं जावाला परत गेलं. खोक्यात ते दोघांनी मिळून भरलं.

आता कपाट उघडायचं तर रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या लागतात. कल्पना अलकाताईंचीच. साकेतनं ती लगेच मान्य केली. जरा जास्तच लगेच, असं त्यांना अजून वाटतं.