झोपून बाग लावणारा माळी

कामावर झोपतो म्हणून माणसाला काढून टाकतात. आमच्या झोप्या माळ्याला मी झोपण्याचाच पगार देत होतो, आणि हे कळायला मला, वकील असून, आठ दिवस लागले.

चिखलीला तेव्हा माझी वकिली बरी चालली होती. पण बायको गेली आणि माझी झोप उडाली. वैद्यबुवा म्हणाले, परसातल्या कडुनिंबाखाली शांत बाग करा आणि दुपारी तिथे पडत जा. त्यासाठी उंद्रीचा हा म्हातारा ठेवला. आठ दिवस त्याने कुदळीला हात लावला नाही. कधी या कोपऱ्यात, कधी त्या कोपऱ्यात, तोंडावर पागोटे घेऊन घोरायचा. शेवटी माझे डोके फिरले. "चालता हो!" मी ओरडलो.

तो सावकाश उठून बसला. "काऊन साहेब? कामच तं करून राह्यलो. ऊन कुठं डोयावर येते, हे उभ्यानं कसं समजन?"

युक्तिवादात मी असा क्वचितच हरलो असेन.

झाडे निवडतानाही माझे काही चालेना. नागपूरहून हौसेने मागवलेली गुलाबाची कलमे त्याने थेट दारापुढच्या उन्हात नेऊन लावली. "गुलाब पाहाले असते. तुमाले तं डोये झाकाचे हायेत." लाल कर्दळ नापास; म्हणे ती मिटल्या डोळ्यांनाही दिसते. केळ नापास, कारण तिची पाने फडफडली की पक्षकार कागद चाळतोय असे वाटते. शेवटी मोरीच्या पाण्यावर अळू, मागे हळद, बुंध्यावर नागवेल आणि उशाशी पांढरा अनंत. शेजारचे मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, ही बाग की भाजीची वाडी?"

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी खरोखर झोपलो. जाग आली तेव्हा उन्हे उतरली होती. झोप्या फाटकात काठी आडवी धरून बसला होता. त्याने दोन पक्षकार, एक पटवारी आणि खुद्द मुन्सफसाहेबांना परत पाठवले होते.

"काय सांगितलंस त्यांना?"

"हेच, का साहेब घोरून राह्यले, उद्या या."

दुसऱ्या दिवशी कोर्टात आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. मुन्सफांनी हळूच माळ्याचा पत्ता विचारला.

दोन वर्षांनी तो लेकीकडे राहायला निघाला. मी खूप आग्रह केला. "आता माह्यं काय काम?" तो म्हणाला. "तुमी तं बाजेवर पडल्याबरोबर घोरता."

पुढे एक दिवस तो वारल्याची बातमी घेऊन त्याचा जावई आला. बायको गेली तेव्हा मी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. त्या दिवशी मात्र त्या अनोळखी जावयासमोर मी ओक्साबोक्शी रडलो, दोघांसाठीही.