कानाचा माणूस

उमरग्यात हायवेला लागून प्रेमानंदचं गाडीत साउंड सिस्टीम बसवायचं दुकान आहे. पाटी साधी आहे. तरी कळंब, बेंबळीकडून लोक गाडी घेऊन त्याच्याकडं येतात, ते त्याच्या कानासाठी. भारी स्पीकर कुठंही मिळतात, बसवणारेही मिळतात. बसवल्यावर गाडीत बसून आवाज जुळवणारा माणूस सहसा मिळत नाही.

हा कान त्यानं कुठल्या कॉलेजात कमावला नव्हता. सतराव्या वर्षी तो गुंडप्पा उस्तादांकडं ट्रकच्या वायरिंगला लागला. टेपमध्ये अडकलेल्या कॅसेटी सोडवायच्या, दिवे जोडायचे, प्रेशर हॉर्न बसवायचे. हॉर्न बसवला की वाजवून बघायचा, आणि तेव्हा तोंड हॉर्नपासून हातभरावर असायचं. दिवसाला आठ-दहा हॉर्न. उस्ताद म्हणायचे, ठोकलेला पत्रा गिऱ्हाइकाला दिसतो, वायरिंग दिसत नाही. म्हणून वायरिंग जास्त नीट करायचं. प्रेमानंदनं ते आजवर पाळलं.

एका गाडीला तो चार दिवस घेतो. दाराचं आतलं कव्हर एकही क्लिप न मोडता काढतो. पत्रा थरथरू नये म्हणून तो पुसून त्यावर जाड शीट चिकटवतो आणि रोलर फिरवतो, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. हाताला घट्टे पडतात. करंटची वायर एका बाजूनं नेतो, आवाजाची दुसऱ्या बाजूनं. नाहीतर इंजिनाची घुंई गाण्यात येते. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करतो. हे सगळं झाकलं जातं. चार दिवसांचं काम कुणाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

जुळवणी मात्र तो गिऱ्हाइकाच्या गाण्यावर करत नसे. लोक मोबाईलवर आलेली गाणी आणतात. पाठवता पाठवता त्यातलं बारीकसारीक कापलं गेलेलं असतं. कणीवरून तांदळाची पारख होत नाही, असं तो म्हणे. त्याच्याकडं स्वतःचं एक रेकॉर्डिंग होतं. त्याची आई जाईबाई जात्यावरच्या भीमाच्या ओव्या म्हणते. पाच वर्षांपूर्वी त्यानं चांगला रेकॉर्डर आणून, पंखा बंद करून, भर दुपारी तिचा आवाज घेतला. फाईल एवढी मोठी, की दहा ओव्यांच्या जागेत साध्या मोबाईलची शंभर गाणी मावावीत. त्या दुपारी ऐकलेला आईचा आवाज त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. गाडीत ती समोर बसल्यासारखी वाटली की जुळवणी झाली, असा त्याचा हिशेब.

गेल्या श्रावणात बेंबळीच्या उत्तरेश्वरची नवी गाडी त्यानं केली. उत्तरेश्वर बासष्ट वर्षांचा, बागायतदार, गाण्याचा शौकीन. गाडी नेताना खूश होता. पंधरा दिवसांनी तीच गाडी घेऊन त्याची मुलगी वैष्णवी आली. ती सोलापूरला कॉलेजात शिकवते, जाऊन-येऊन करते. तिनं सांगितलं, की सिस्टीम लावली की अर्ध्या तासात डोकं दुखतं, आवाज कानाला टोचतो.

प्रेमानंदनं वाद घातला नाही. दोन दिवस घेतले. चारी दारं उघडली, एकेक जोड तपासला, अर्थिंग पुन्हा घासलं. दोष सापडला नाही. मग त्यानं ओव्या लावल्या आणि ऐकल्या. ठीक वाटलं. खात्रीसाठी घरातून आईला आणून पुढच्या सीटवर बसवलं. जाईबाईनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बरं हाय की. म्या म्हणते तसंच हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात त्याची बायको रोहिणी चहा घेऊन आली. दुकानामागच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. गाडीचं दार उघडताच सासूच्या ओव्या ऐकू आल्या आणि तिनं मोकळा हात कानावर ठेवला.

"अहो, आत्या ह्यात शिट्टी वाजवायल्यात."

त्याला राग आला. तुला त्यातलं काय कळतं, असं तो बोलून गेला. रोहिणी चहा बॉनेटवर ठेवून म्हणाली, "मला न्हाय कळत. पण परवा गॅसचं बटण अर्धं उघडं हुतं, शेगडी सूं करायली हुती. तुम्ही शेजारी उभं राहून चहा प्यालाव."

 दुकानात एक फाईल होती, त्यात साधा सूर हळूहळू वर चढत शिट्टीसारखा बारीक होत जातो. स्पीकर तपासायला ती वापरतात. प्रेमानंदनं ती लावली आणि दोघं गाडीत बसले. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा, असं ठरलं. त्याचा हात खाली आला, तेव्हा सूर अर्ध्यावरही गेला नव्हता. रोहिणीचा हात तसाच वर. त्यानं जागा बदलून पाहिलं, दुसऱ्या बाजूच्या स्पीकरवर पाहिलं. एकदाच मोजलेलं मोजलेलं नसतं. तीनदा तेच झालं.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. केलेल्या प्रत्येक गाडीची जुळवणी त्यात ठेवलेली होती. पाच वर्षांपूर्वीची रेघ सपाट होती. तिथून दर वर्षाला ट्रेबलची, म्हणजे बारीक आवाजाची बाजू थोडी थोडी वर चढलेली. त्याला जितकं कमी ऐकू येत गेलं, तितकं तो वाढवत गेला होता. गाडीत आई त्या दुपारसारखी समोर बसावी म्हणून. उत्तरेश्वरची धरून शेवटच्या बारा गाड्या उघडउघड चुकल्या होत्या.

त्यानं उत्तरेश्वरला फोन केला आणि सांगितलं, जुळवणी चुकलीय, नव्यानं करतो. उत्तरेश्वर हसला. म्हणाला, मला तर लई भारी वाटतंय, पोरीचे नखरे आहेत, आहे तसं राहू द्या. तिथं विषय मिटत होता. गाडी ज्याची, तो खूश होता. बाहेर कुणाला काही कळलं नसतं.

"तुम्हाला भारी वाटतंय, कारण तुमचा बी कान माझ्यासारखाच झालाय, मालक," प्रेमानंद म्हणाला. "आपुन दोघं म्हातारे झालाव."

 करा काय करायचं ते, असं म्हणून उत्तरेश्वरनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. प्रेमानंद मागं, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ओव्या सुरू झाल्या. तो ट्रेबल एकेक पायरी कमी करत गेला. त्याला आईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटू लागला, शब्दांच्या कडा गेल्या. हात परत वर जाऊ पाहत होता. रोहिणी म्हणत होती, अजून, अजून थोडं. ती घाई करत नव्हती. एक ओवी दोनदा ऐकायची, मग बोलायची. बाहीचं माप घेताना ती अशीच थांबते.

"बस. आता आत्या बोलायल्यात," ती म्हणाली.

त्याला ते आवडलं नव्हतं. त्यानं तसंच ठेवलं आणि सेव्ह केलं.

दुपारी वैष्णवी गाडी न्यायला आली. तिनं आत बसून ऐकलं. एक ओवी झाली, दुसरी झाली, ती उतरली नाही. पाचव्या ओवीला तिनं विचारलं, या कोण म्हणतायत. जाईबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. प्रेमानंदनं तिकडं बोट केलं.

गाडी गेल्यावर तो फोन घेऊन बसला. उरलेल्या गाड्यांचे अकरा नंबर होते. पहिला लावला, नमस्कार झाला, गाडी एकदा दाखवायला आणा म्हणाला. त्या माणसानं विचारलं, सिस्टीममध्ये काय बिघडलं का.

"सिस्टीम चांगली हाय. माझा कान बिघडलाय," प्रेमानंद म्हणाला. "ह्या खेपेला आमची मंडळी ऐकणार हायेत. या."

चौघं लगेच येतो म्हणाले. तिघांनी, आहे ते चांगलं आहे, म्हणून टाळलं. त्यांना त्यानं घरात तरुण कुणी आहे का विचारलं आणि असेल तर त्याला ऐकायला बसवा म्हणून सांगितलं. उरलेल्यांचे फोन लागले नाहीत. ते त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले.